चामड्याच्या मुठीची सुरी

नमस्कार श्रोतेहो. आज एका जुन्या सुरीबद्दल बोलतो. बोटीवर नोकरी केलेल्या माणसाच्या पेटीत कधी कधी निघते ती, चामड्याच्या मुठीची. या मुठीत लाकूड नसतं. पात्याच्या दांड्यात चामड्याच्या चकत्या एकामागून एक ओवायच्या आणि शेवटी लोखंडी टोपी घट्ट आवळायची. १९४२ साली अमेरिकन मरीन सैनिकांसाठी घेतलेली ७ इंची पात्याची सुरी अशाच मुठीची.

आजोबांची तसलीच सुरी मला मे महिन्यात माळ्यावर सापडली. पात्यावर तांबेरा, मूठ खुळखुळती. वाटलं, चामडं सुकलंय, भिजवलं की फुगेल. रात्रभर पाण्यात ठेवली. फुगली खरी, पण सुकल्यावर पहिल्यापेक्षा जास्त आखडली, वर बुरशी. मालवणच्या बाजारात चपला शिवणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी मूठ नाकाशी धरली.

"ह्येका पाणी कोणी दाखवल्यान?"

टोपीच्या नटावर तेल सोडून दोन दिवस थांबलो, तेव्हा तो फिरला. काकांनी एकेक चकती काढून क्रमाने सुतळीत ओवली. तीन चकत्यांचा भुगा झाला. मधल्या दोन मात्र जाड, वेगळ्याच रंगाच्या, कडेला बारीक भोकांची रांग. काकांनी त्या उजेडात धरल्या. "ह्यां वहाणेच्या तळाचां चामडां. टाके बघ."

घरी आजीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला. "बोटीवरसून इले तेव्हा एका वहाणेची टाच कापलेली होती. इचारलंय, तर नुसते हसले."

काकांनी तीन नव्या चकत्या कोल्हापुरी वहाणेच्या तळव्याच्या चामड्यातून कापल्या. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं ते चामडं घट्ट असतं. वहाणेच्या त्या दोन चकत्या पुन्हा मधोमध, होत्या तिथेच बसवल्या. नट आवळला, रात्र जाऊ दिली, पुन्हा आवळला, मग मूठ घासकागदाने घासून वर मधमाशीचं मेण चोळलं.

तेव्हा श्रोतेहो, मुठीला पाणी नाही. पुन्हा सांगतो, पाणी नाही. तेलही बेतानेच, नाहीतर चामडं मऊ पडून मूठ पुन्हा हलते. पात्यावरचा लाल गंज तेल टाकून बारीक तारेच्या लोकरीने हाताने काढा, काळसर छटा राहू द्या. धारवाल्याच्या चाकाखाली देऊ नका, पातं तापलं की त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. आणि या सुरीने मासे कापू नका. सुरमईची तुकडी विळीवरच सरळ पडते, हे माझं ठाम मत आहे.

सुरी चामड्याच्या म्यानातही ठेवू नका. आपल्याकडची खारी, दमट हवा म्यान शोषून घेतं आणि पातं आतल्या आत गंजतं. तेलाचा हात फिरवून सुती फडक्यात गुंडाळा, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून पुसा. आमच्याकडे ते आजी करते.