शिन्चू: घड्याळाच्या चिपपासून सुरुवात

(दृश्य: क्लीनरूम. पिवळा उजेड, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले तंत्रज्ञ)

सिलिकॉनची पातळ चकती म्हणजे वेफर, तिच्यावर चिप घडतात. या वेफरवर फोटोरेझिस्ट नावाच्या रसायनाचा थर दिलेला असतो. निळ्या आणि अतिनील प्रकाशात तो बदलतो, म्हणून या खोलीत पांढरा दिवा चालत नाही. अंगभर चढवलेला पोशाख आहे तो वेफरच्या रक्षणासाठी. त्वचेचा एखादा कण नको तिथे पडला, की ती चिप बाद.

तैवानच्या शिन्चू शहरानं चिप बनवण्याची ही विद्या सरकारी खर्चानं शिकून घेतली.

(दृश्य: विद्यापीठांची प्रवेशद्वारं)

दोन्ही विद्यापीठं एकमेकांना लागून. छिंग हुआ 1956 मध्ये इथे पुन्हा सुरू झालं, च्याओ तुंग 1958 मध्ये. च्याओ तुंगमध्ये 1964 साली सेमीकंडक्टरची प्रयोगशाळाही आली. पोरं हुशार निघत होती, पण पदवी हातात पडली की अमेरिका गाठत होती. शिकलेलं वापरायला इथे कारखानाच नव्हता.

1973 मध्ये सरकारनं आयटीआरआय ही संशोधन संस्था काढली. पुढच्याच वर्षी अर्थव्यवहार मंत्री सुन युन-स्वान आणि अमेरिकेतल्या आरसीए कंपनीचे पान वन-युआन तैपेईतल्या सोया दुधाच्या दुकानात न्याहारीला भेटले. चिपचं तंत्र देशात आणायचा हिशेब निघाला: चार वर्षं, एक कोटी डॉलर.

(दृश्य: जुनं छायाचित्र, निघण्याआधी रांगेत उभे अभियंते)

1976 मध्ये आरसीएशी करार झाला आणि 19 अभियंत्यांची पहिली तुकडी अमेरिकेला गेली. घेतलेलं तंत्र होतं 7 मायक्रॉन सीमॉसचं (सीमॉस ही चिप बनवण्याची एक पद्धत, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तेव्हाच्या मानानंही जुनं. जुनं घेतलं हेच शहाणपण. ते परवडलं, आणि विकणाऱ्यानं हातचं राखून ठेवलं नाही. कामं वाटून घेतली होती: कोणी आराखडा शिकला, कोणी प्रक्रिया, कोणी चाचणी, कोणी यंत्रांची देखभाल. यातली एक कडी जरी निसटली असती, तरी बाकीच्यांचं शिक्षण कागदावरच राहिलं असतं.

(दृश्य: तीन इंची वेफर, चिमट्यात)

1977 मध्ये आयटीआरआयच्या आवारात प्रायोगिक कारखाना सुरू झाला. वेफर तीन इंची, माल इलेक्ट्रॉनिक घड्याळांच्या चिपचा. इथे सगळा जीव यील्डमध्ये असतो, म्हणजे वेफरवरच्या शंभरातल्या किती चिप चालतात यात. मास्कवर, म्हणजे चिपची नक्षी छापायच्या काचेवर, ओरखडा असला तर तोच दोष प्रत्येक वेफरवर उमटतो. भट्टीचं तापमान हललं तर अख्खी खेप वाया. असे दोष वर्गात बसून सापडत नाहीत. रोज वेफर काढावे लागतात, रोज मोजावे लागतात. आरसीएनं 17 टक्क्यांची हमी दिली होती. सहा महिन्यांत यील्ड 70 टक्क्यांवर गेलं, खुद्द आरसीएच्याही पुढे.

जनतेचा पैसा खरा कामी आला तो इथे. नुसत्या प्रयोगशाळेला अनुदान देऊन हे झालं नसतं.

मग सरकारनं माणसं सोडली. 1980 मध्ये आयटीआरआयमधून यूएमसी ही चिप कंपनी बाहेर पडली, तंत्र आणि तंत्रज्ञ दोन्ही घेऊन. सरकारी संस्थांना हे सहसा झेपत नाही. तयार माणूस हातचा जाऊ द्यायला कोण तयार असतं?

(दृश्य: सायन्स पार्कचे रस्ते, वरून)

त्याच वर्षी, विद्यापीठांच्या शेजारीच, सायन्स पार्क उघडलं. इथली जमीन विकत मिळत नाही, भाड्यानं मिळते. कंपनी बुडाली तर भूखंड परत, त्यामुळे जागा अडवून बसण्यात फायदा नाही. बांधून तयार असलेले गाळे, करसवलत, परवान्यांसाठी एकच कार्यालय. आणि परदेशातून परतणाऱ्यांच्या मुलांसाठी द्विभाषिक शाळा. ही शाळा आराखड्यात बारीकशी दिसते, पण बिऱ्हाड परत येणार की नाही हे तिच्यावरही ठरत होतं.

1987 मध्ये टीएसएमसी ही चिप कंपनी सुरू झाली, आयटीआरआयचाच सहा इंची कारखाना भाड्यानं घेऊन. तिचे संस्थापक मॉरिस चँग यांची कल्पना साधी होती: स्वतःच्या चिप काढायच्या नाहीत, फक्त इतरांच्या बनवून द्यायच्या. खाजगी पैसा कचरत होता. सरकारला उद्योगपतींच्या मागे लागावं लागलं. शेवटी सरकारी निधीचा वाटा 48.3 टक्के, फिलिप्सचा 27.5.

(दृश्य: जलाशय, मग भातखाचरं)

या कारखान्यांना पाणी फार लागतं. 2021 च्या दुष्काळात इथल्या शेतीचं सिंचन थांबवलं गेलं, शेतकऱ्यांना भरपाई दिली गेली.

सरकारी निधीनं पुढे टीएसएमसीचे बरेचसे समभाग विकले. सुमारे 6 टक्के अजून हाती आहेत, आणि त्यांचा लाभांश सरकारकडे येतोच आहे.