सपाट घोडीचं व्हायोला

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका वाद्यापासून सुरुवात करतो. दिसायला व्हायोलाच, म्हणजे व्हायोलिनचं थोडं मोठं भावंड, पण तारा तीनच. आणि त्या तारांखालची घोडी वरून सपाट तासलेली. व्हायोलिनची घोडी कमानदार असते, म्हणून गज एकेका तारेवर फिरवता येतो. इथं गज टेकवला की तिन्ही तारा एकदम बोलतात. या वाद्याचं नाव कोंत्रा. त्यावर धून वाजवायचीच नाही, फक्त ठेका धरायचा. एका रेघेतच गज मध्येच दाबून दोन ठोके काढायचे. ऐकताना कुणीतरी धापा टाकतंय असं वाटतं!

हंगेरियन खेड्यातल्या नाचाचा ताफा तीन वाद्यांत उभा राहतो. धून व्हायोलिनची, ठेका कोंत्राचा, तळाशी बास, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य. वाजवणारे बहुतेक जिप्सी, म्हणजे रोमा समाजाचे. सुपारी घेऊन लग्नात रात्रभर वाजवायचं. त्यांची नजर वाद्यावर नसते, नाचणाऱ्याच्या पायांवर असते. लेगेन्येश नावाचा पुरुषांचा नाच आहे. त्यात गडी वाजवणाऱ्यांच्या समोर येऊन उभा राहतो, बुटांवर, मांड्यांवर थापा मारत एकेक तुकडा पुरा करतो. व्हायोलिनवाल्यानं त्याची सम चुकवली तर संपलंच.

आता गंमत बघा. हंगेरीच्या राजधानीतल्या, बुडापेस्टमधल्या शहरी पोरांना यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं. ही परंपरा जिथं जिवंत होती तो ट्रान्सिल्व्हेनिया हा हंगेरीचा प्रांत पहिल्या महायुद्धानंतर, 1920च्या तहानं, रुमानियात गेला होता. बेला बार्तोक आणि झोल्तान कोदाय या हंगेरियन संगीतकारांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोनोग्राफ खांद्यावर टाकून तिथली गाणी मेणाच्या नळकांड्यांवर भरून घेतली होती, पण ती अभ्यासकांपाशी राहिली. ट्रान्सिल्व्हेनियात सेक नावाचं गाव आहे. त्या गावची तरुण मुलंमुली भाड्यानं एक घर घेत, वाजंत्री सांगत आणि नाचत. ते ‘तान्त्सहाझ’, नाचघर. 6 मे 1972 रोजी बुडापेस्टमध्ये तसंच नाचघर भरवलं गेलं, आणि बघता बघता शहराला वेड लागलं.

त्या लाटेत 1973 साली ‘मुझिकाश’ हा ताफा तयार झाला. मुझिकाश म्हणजे गावचा वाजंत्री. ही मंडळी शिकायला म्हाताऱ्या वादकांच्या दारी गेली, तेही सीमेपलीकडे. 1974 पासून रुमानियात परदेशी माणसानं कुणाच्या घरी रात्र काढायची नाही असा कायदा होता. म्हणजे ज्याला ‘आपलं’ संगीत म्हणायचं, ते परदेशातून, चोरट्यासारखं घरी आणायचं. पुढं हेच लोक जगभर वाजवत फिरले. मला वाटतं, परदेशात वाजवण्याची त्यांना सवय घरातूनच झाली होती.

अडचण एकच. परदेशातल्या सभागृहात लोक खुर्चीत बसतात, पाय हलत नाहीत. मग वादकानं बघायचं कुणाकडे? म्हणून बरेच ताफे सोबत नाचणारं जोडपं नेतात. ते जोडपं म्हणजे शोभेच्या बाहुल्या नव्हेत. बुटाची टाच हे त्या ताफ्यातलं चौथं वाद्यच.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात हलवून गेली. ट्रान्सिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या मारामारोश भागात ज्यूंच्या लग्नात वाजणाऱ्या वेगळ्या धुना होत्या. 1944 मध्ये तिथले ज्यू छळछावण्यांत नेले गेले. ती लग्नं थांबली, त्या धुना मागणारं कुणी राहिलं नाही. पण त्या लग्नांत रोमा वादकही वाजवत असत. चाळीस-पन्नास वर्षांनी मुझिकाशच्या मंडळींनी अशा म्हाताऱ्यांना गाठलं, तर बोटांना आठवत होतं. त्याची ध्वनिमुद्रिका 1990च्या दशकाच्या सुरुवातीला निघाली आणि हे संगीत परक्या देशांतल्या रंगमंचांवर वाजू लागलं.

मुझिकाशची कुठलीही ध्वनिमुद्रिका हाताशी आली तर व्हायोलिन थोडं बाजूला ठेवा आणि मागच्या कोंत्राकडे कान लावा. पहिली दोन मिनिटं खरखरच वाटेल. तिसऱ्या मिनिटाला आपलाच पाय जमिनीवर आपटत असेल, तर शेजारच्यांना माझं नाव सांगू नका.

नमस्कार.