आठ-सतराची गाडी, चार तासांची गोळी

(मुलुंड स्टेशन. सकाळ. इंडिकेटरवर 8:17.)

मुंबईत लोकलला नाव नसतं, वेळ असते. हिची आठ-सतरा.

ती फोर्टात एका सीएकडे हिशेब बघते. वय 39. नाव सांगायचं नाही, ही तिची अट. पंधरा वर्षांत ही गाडी तिने क्वचितच चुकवली. आणि याच बाईच्या घरची वीज बिल थकलं म्हणून दोनदा कापली गेली. पैसे खात्यात होते.

'गाडी बरी लक्षात राहते!' घरचे म्हणायचे.

पण गाडी तिला लक्षात ठेवावीच लागत नाही. डब्यातल्या मैत्रिणींचा फोन येतो, 'कुठवर आलीस गं?' वीजबिल असा फोन करत नाही. बाहेरून हाक आली की तिला जमतं. स्वतःच स्वतःला हाक मारायची म्हटलं की गाडं अडतं.

2020 साली लोकल बंद झाल्या, ऑफिस घरात आलं आणि हाका थांबल्या. लॅपटॉप उघडा, कॅलेंडर समोर, आणि दुपारचे तीन. आळस म्हणावा तर रात्री दोनपर्यंत जागून तेच काम पुरं करायची.

(जुनं प्रगतिपुस्तक. कॅमेरा शेऱ्यावर.)

मानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्यांदा मागितलं ते हे. संशय एडीएचडीचा, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं त्या अवस्थेचा. ती रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, स्कॅनमध्येही नाही. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून होती का, हे बघावं लागतं. 2013 पर्यंत ही अट सात वर्षांची होती. शेरा आहे: 'हुशार, पण वर्गात लक्ष नसते.' घरी यालाच वेंधळी म्हणत. बाकांवरून उड्या मारणारा मुलगा शिक्षकांच्या डोळ्यांवर येतो. खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून राहून जाते.

थायरॉइड, झोप, नैराश्य, सगळं तपासून झालं. रक्तदाब, नाडी, घरात कुणाला हृदयविकार आहे का, तेही. मग गोळी. मिथाइलफेनिडेट.

हे औषध 1944 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झालं. बनवणाऱ्या लिआंद्रो पानित्सोन यांच्या बायकोचं लाडकं नाव रिटा, त्यावरून रिटालिन. डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायनं मेंदूतल्या पेशी सोडतात आणि परत ओढून घेतात. ही गोळी ते परत ओढणं रोखते.

आपल्याकडे हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येतं. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत. एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. विकायला वेगळा परवाना लागतो, त्यामुळे कोपऱ्यावरचा केमिस्ट मान हलवतो. व्हिडिओ कॉलवर ही चिठ्ठी मिळत नाही. थोडक्यात, कागद हरवणाऱ्या माणसाला औषध हवं असेल तर त्याने कागद हरवायचा नाही. हा नियम करणाऱ्याला विनोदबुद्धी होती की नाही, कोण जाणे.

साधी गोळी तीन-चार तास चालते. पहिल्या आठवड्यात ती घरून निघताना घ्यायची. काय झालं? घाटकोपर ते भायखळा, मोबाइलवरच्या गेमच्या एकोणीस लेव्हल. एकदाही मान वर नाही. गोळीने आपलं काम चोख केलं होतं!

डॉक्टरांना विचारून तिने वेळ बदलली. आता गोळी ऑफिसात, खुर्चीत बसल्यावर. त्याआधी टेबलावर एकच फाइल, आणि ती कुठली हे आदल्या संध्याकाळी चिठ्ठीवर लिहिलेलं. फोन ड्रॉवरमध्ये. पंचवीस मिनिटांचा स्वयंपाकघरातला टायमर, टिकटिक करणारा. कंटाळवाणं रिटर्न असेल तर शेजारची सहकारी आपलं काम घेऊन समोर येऊन बसते. बोलत नाही, नुसती बसते. वीजबिल आता खात्यातून आपोआप जातं. लक्षात ठेवायचा नादच सोडला.

भूक मरते, हा त्रास खरा. डबा भरलेलाच परत यायचा आणि सासूबाईंना वाटायचं, भाजी बिघडली. म्हणून सकाळी पोटभर पोहे, मग गाडी. दुपारनंतर चहा बंद, नाहीतर झोप उडते. दर भेटीत रक्तदाब मोजतात. हृदयाचा किंवा पूर्वी मनोविकाराचा त्रास असलेल्यांना ही गोळी चालेलच असं नाही. दुसऱ्याच्या पाकिटातली तर कुणीच घेऊ नये.

मुंबईत केईएम, नायर, सायनला मानसोपचाराची ओपीडी आहे. केस पेपर काढून दाखवता येतं. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस, ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416.

(मुलुंड. संध्याकाळ. पाऊस.)

घरात शिरल्या शिरल्या किल्ली दारामागच्या खिळ्याला. मग पाकीट, मग पास. छत्री?

छत्री गाडीत. या पावसाळ्यातली तिसरी.