जंगलात गट करून राहायचंय? आधी मे महिन्यात जाऊन बादली लावा

नमस्कार मंडळी. आज ठाण्यातूनच बोलतेय, घराच्या गच्चीवरून. मागे जो हिरवा पट्टा दिसतोय तो येऊरचा डोंगर. तो दिसतोय म्हणून पहिला प्रश्न लगेच निकालात काढते, कारण तो दर आठवड्याला येतो. "ताई, येऊरला जागा घेऊन राहता येईल का?" नाही. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथे ज्या वारल्यांच्या पाड्यांवर माणसं राहतात, ती उद्यान व्हायच्या आधीपासून तिथली आहेत. आपण तिथे सकाळी फिरायला जायचं आणि परत यायचं.

आता मूळ विषय. गेल्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: आम्ही सात-आठ समविचारी मित्रमैत्रिणी आहोत, शहराला कंटाळलोय, जंगलात एकत्र राहायचं, पिकवून खायचं, सुरुवात कुठून करू? ऐरोलीहून एका जोडप्याने फार मनापासून लिहिलंय. चार वर्षांची मुलगी आहे, तिला माती कळावी असं वाटतं, म्हणतात. तुमच्यासाठीच आज बसलेय. थट्टा करणारे लोक खूप भेटतील तुम्हाला. मी करणार नाही, कारण मला ही गोष्ट आजही तितकीच प्रिय आहे.

2018च्या दसऱ्याला आम्ही नऊ जण मुरबाडच्या पुढे राहायला गेलो. जमीन गटातल्या एकाची वडिलोपार्जित, साडेतीन एकर. दीड एकर भाताची खाचरं, बाकी वरकस, म्हणजे भात न होणारा हलक्या मातीचा उतार, वरच्या अंगाला जंगल. आज त्या नऊपैकी पाच जण आहोत. तिघं कायम तिथे, आणि मी नि माझा नवरा महिन्यातले पंधरा दिवस.

कागदपत्रांचं पटकन सांगते, हे तुम्हाला कुठेही मिळेल. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं, नाहीतर 1948च्या कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. आदिवासी खातेदाराची जमीन कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर तिथून उठा. 1966च्या जमीन महसूल संहितेचं कलम 36अ बघा, आणि कायदा राहू दे बाजूला, ती जमीन त्यांची आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कात वनाचा शेरा आहे का ते वाचा, कारण 1975च्या खासगी वनांच्या कायद्याने आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी खासगी जमिनी सरकारकडे गेल्यात. आणि शिकार? दोघातिघांनी खरंच विचारलंय. 1972पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे. ससाही नाही, घोरपडही नाही. विषय संपला.

तर सुरुवात कुठून करायची? जमीन मे महिन्यात बघायची. जुलैत नाही, गणपतीत नाही, दिवाळीत तर अजिबात नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी.

आम्ही जमीन पाहिली ऑगस्टमध्ये. वरच्या अंगाचा झरा असा खळाळत होता की बोलणं ऐकू येईना. खाचरात पाय घातला तर पोटरीपर्यंत चिखल. आम्ही सगळे भारावून गेलो होतो. शेजारच्या ठाकरवाडीतली एक आजी गवताचा भारा घेऊन चालली होती. ती थांबली, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता काय बघताव? उन्हाल्यात या." एवढंच बोलून गेली. आम्हाला वाटलं, आजी करवंद-आंब्याच्या दिवसांत पाहुणचाराला बोलावतेय.

ती पाण्याबद्दल बोलत होती, हे एप्रिलमध्ये कळलं.

(बादली उचलून दाखवते)

ही पंधरा लिटरची बादली. झऱ्याच्या तोंडाला बांबूची पन्हळ लावायची, खाली बादली ठेवायची, मोबाईलवर वेळ लावायची. किती मिनिटांत भरते? तीनदा मोजा, सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. जानेवारीत आमची बादली एका मिनिटात भरायची. म्हणजे दिवसाला एकवीस हजार सहाशे लिटर. आम्ही वांगी लावली, मिरच्या लावल्या, एक म्हैस आणली. मार्चमध्ये बादलीला आठ मिनिटं लागायला लागली. एप्रिलच्या शेवटी चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटांना पंधरा लिटर म्हणजे दिवसाला पाचशे चाळीस लिटर. नऊ माणसं, एक म्हैस, आणि भाजीचे दोन गुंठे.

हिशोब करू या. माणशी पन्नास लिटर धरा, पिणं-स्वयंपाक-आंघोळ-धुणं सगळं मिळून. हे चैनीचं नाही, जलजीवन मिशनमध्येसुद्धा गावातल्या माणसाला रोज पंचावन्न लिटर धरलेत. नऊ जणांचे साडेचारशे. म्हशीला साठ-सत्तर. दोन गुंठे भाजी म्हणजे दोनशे चौरस मीटर, उन्हाळ्यात चौरस मीटरला चार लिटर धरले तरी आठशे. झाले तेराशेच्या वर. झऱ्यात पाचशे चाळीस. भाजी गेली हे उघड आहे. मे उजाडताना आंघोळी दिवसाआड झाल्या. म्हैस आम्ही वाडीतल्या एका घरी सांभाळायला दिली, आणि तिला नेताना मी रडले होते.

कमेंटमध्ये लगेच कुणीतरी लिहिणार, "बोअर मारा ना." दर व्हिडिओखाली हे येतं आणि मला त्याचा राग येतो, खरंच येतो, कारण लिहिणाऱ्याने आपल्या पायाखालचा दगड पाहिलेला नसतो. ठाणे जिल्हा काळ्या कातळावर बसलाय. या खडकात पाणी वाळूसारखं सगळीकडे मुरत नाही, ते भेगांत, सांध्यांत असतं. भेग लागली तर पाणी, नाही लागली तर तीनशे फूट खाली धूळ. आमच्या शेजारच्या बांधावर दोन बोअर मारले, दोन्ही कोरडे गेले. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळपास सगळा चार महिन्यांत, आणि उतारावरून काही तासांत खाली खाडीच्या वाटेला लागतो. हिरवं दिसतं म्हणजे पाणी आहे, असं नाही. शहापूर तालुक्यात जा. भातसा तिथे, 1892 साली बांधलेला तानसा तिथे, मुंबई त्या पाण्यावर जगते. आणि त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. बाया ओढ्याच्या कोरड्या पात्रात डवरे खणून वाटीवाटीने हंडा भरतात. हे जर तिथल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या माणसांच्या वाट्याला येतं, तर ऑगस्टमध्ये जागा बघून आलेल्या आपल्याला कोण सोडणार?

थोडं खाण्याचं सांगते, म्हणजे पिकवून खाणं किती शक्य आहे याचा अंदाज येईल. माणशी महिन्याला दहा किलो तांदूळ धरला तर नऊ जणांना वर्षाला हजार-अकराशे किलो. आमच्याकडे एकरी दहा-अकरा क्विंटल भात येतं, भरडल्यावर त्याचा तांदूळ साधारण दोन तृतीयांश. म्हणजे दीड एकर पुरतं, चांगल्या सालात. भात कापल्यावर त्याच खाचरात अंगओलीवर, म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर, वाल टाकायचे. वालाला वरून पाण्याची गरज नाही, आणि थंडीत त्या शेंगा सोलत बसण्याइतकं सुख मला शहरात कुठे मिळालेलं नाही. उतारावर नागली, वरी, तेलाला थोडी खुरासणी. मीठ, गूळ, चहा, औषधं विकत. सगळंच पिकवू म्हणणाऱ्यांनी मिठाचा विचार करून ठेवा.

रानभाज्यांचे व्हिडिओ तुम्हाला आवडतात, माहितेय. शेवळं, भारंगी, कोळीची भाजी, कंटोळी, टाकळा, लोत. शेवळांचं पुन्हा एकदा: काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, घातल्याशिवाय शिजवू नका, घसा खाजून हैराण व्हाल. कडूकंद तर जाणत्या माणसाशिवाय हातातही घेऊ नका. त्याचे काप शिजवून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात, नाहीतर विषबाधा होते. पण मला यात दुसरंच सांगायचंय. पहिल्या वर्षी जूनमध्ये आम्ही उत्साहाने दोन पिशव्या शेवळं खुडून आणली. दोन दिवसांनी कल्याण स्टेशनबाहेर वाडीतलीच एक ताई बसलेली दिसली, समोर शेवळांच्या चार-पाच जुड्या. दरवर्षी यापेक्षा जास्त असतात, ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, सहज. त्या दिवसापासून आम्ही शेवळं खुडत नाही, तिच्याकडून विकत घेतो. जंगल रिकामं नसतं हो. प्रत्येक झाडाखाली कुणाचा तरी वाटा आहे. 2006च्या वनहक्क कायद्याने हे हक्क कागदावर आणले, पण मोहाचं कुठलं झाड कुणी वेचायचं हे वाडीला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

आणि आता "समविचारी" या शब्दाबद्दल. तुमच्या सगळ्यांच्या मेसेजमध्ये हा शब्द आहे. आम्हीही तो शोधून शोधून माणसं जमवली होती. नऊही जणांना रासायनिक खत नको होतं, नऊही जणांना प्लॅस्टिक नको होतं. एकाही विचारावर आमचं भांडण झालं नाही. भांडण झालं ते हंड्यावर. कोण किती वाजता उठून झऱ्यावर बादली लावणार. कुणी लहान मुलाचे कपडे धुतले तर त्यात किती पाणी गेलं. एका मैत्रिणीने केस धुतले म्हणून दुसरी तिच्याशी चार दिवस बोलली नाही, आणि या दोघी कॉलेजपासूनच्या. पहिल्या वर्षी जे चौघं परतले, ते सगळे मे महिन्यात परतले. ती वाईट माणसं नव्हती. तेराशे लिटरची गरज आणि पाचशे चाळीस लिटरचा झरा, त्यात कुणाचाही स्वभाव पुरत नाही.

विनोबांचं उदाहरण मला या बाबतीत फार जवळचं वाटतं. जन्म आपल्या शेजारच्या गागोद्याचा, पेण तालुक्यातला. 1950च्या सुमाराला पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला, पैशाशिवाय, आपल्या श्रमावर जगायचं. बैलही नको, म्हणून ऋषिशेती, म्हणजे फक्त माणसाच्या हातांनी केलेली शेती. त्या प्रयोगात प्रार्थना होती, अभ्यास होता, पण सगळ्यांनी मिळून पाणीही काढलं, स्वतः जोर लावून रहाट फिरवला. विचार एक आहेत का, हे एकत्र रहाट फिरवताना कळतं. शनिवारी चहा पिताना नाही.

मग आम्ही टिकलो कसे? आधी माणसं पाण्याच्या मापाने ठरवली. मेमध्ये झरा जेवढं देतो त्याला पन्नासने भागायचं, तेवढीच माणसं उन्हाळ्यात राहणार, बाकीच्यांनी मार्चअखेर ठाण्याला यायचं. यात कमीपणा नाही. दुसरं, छपराचं पाणी. शंभर चौरस मीटरचं छप्पर आणि अडीच मीटर पाऊस म्हणजे अडीच लाख लिटर पडतं, त्यातलं दोन लाख तरी धरता येतं. एवढी टाकी बांधणं आम्हाला परवडलं नाही, आम्ही तीस हजार लिटरची बांधली, आणि ती फक्त एप्रिल-मेमध्ये उघडतो. कुलूप आहे तिला. भाजी उन्हाळ्यात लावतच नाही. वाळवणं करतो, वाल-चवळी साठवतो.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. दिवाळीच्या आसपास, ओढा वाहता असतानाच, वनराई बंधारा घालतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-रेती भरायची, तोंडं शिवायची, ओढ्यात आडव्या रचायच्या. वाडीतले लोक आणि आम्ही मिळून दोन दिवसांचं काम. त्याने खालच्या अंगाला ओल टिकते आणि वाडीच्या विहिरीलाही थोडं जास्त दिवस पाणी राहतं. ज्या आजीने आम्हाला उन्हाळ्यात बोलावलं होतं, ती काठावर बसून कुठली गोणी कुठे बसवायची ते सांगते. तिचं ऐकल्यापासून बंधारा एकदाही फुटलेला नाही.

ऐरोलीच्या ताई-दादा, तुमच्यासाठी: तुम्ही लिहिलंय, जागा पसंत आहे, पाडव्याला टोकन देणार. देऊ नका. जागामालकाला सांगा, वीस मेला येतो. मुलीलाही न्या, बादली तिलाच धरू दे. पंधराला जितकी मिनिटं येतील त्याने भागा आणि एक हजार चारशे चाळीसने गुणा, दिवसाचं पाणी निघेल. तो आकडा मला कमेंटमध्ये पाठवा, सोबत किती माणसं आणि किती जनावरं तेही लिहा. मी प्रत्येकाला उत्तर देईन.

आमचा या वर्षीचा आकडा सांगते, काल सकाळीच मोजून आलेय. अकरा मिनिटं. दिवसाला एक हजार नऊशे साठच्या आसपास. म्हैस या उन्हाळ्यात आमच्याकडेच आहे.