भवानीची वेळ

(पुण्यात दिलेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

इथं येण्याआधी सकाळी मी मंडईत गेले होते. सात वाजायचे होते. नेहमीच्या मावशींकडून कोथिंबिरीची जुडी घेतली आणि वीसची नोट दिली. मावशींचे हात भाजीवर पाणी मारून ओले झालेले. त्यांनी ती नोट आधी तागडीला लावली, मग कपाळाला, आणि मगच गोणपाटाखाली सारली. म्हणाल्या, "भवानी झाली बाई."

दिवसाच्या पहिल्या विक्रीला आपण भवानी म्हणतो. इतक्या वेळा ऐकलाय हा शब्द, की त्यात काही ऐकू येईनासं झालंय. आज मात्र मी कोथिंबीर पिशवीत टाकता टाकता थांबले. विक्री हा शब्द आपल्याकडं होताच की. कमाई होता, गल्ला होता. तरी पाटी घेऊन बसणाऱ्या कुणातरी माणसांना त्या पहिल्या नाण्यासाठी देवीचंच नाव घ्यावंसं वाटलं असावं. दुकान मांडलंय, रस्ता रिकामा आहे, आज कुणी येईल की नाही ठाऊक नाही, आणि कुणीतरी येऊन उभं राहतं. त्या येण्याला त्यांनी भवानी म्हटलं. आज ते गिऱ्हाईक मी होते. मावशींच्या लेखी देवी माझ्या पावलांनी आली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मला आज एवढ्याबद्दलच बोलायचंय.

या गावाला देवाची अशी रोजच्या वस्तूंवरून ओळख ठेवायची फार जुनी सवय आहे. आपल्याकडच्या देवांची नावं आठवा. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, बटाट्या मारुती, पासोड्या विठोबा, निवडुंग्या विठोबा. बाहेरगावचा पाहुणा ही नावं ऐकून हसतो, आपणही त्याला हौसेनं ऐकवतो. मला ती गंभीरपणे घ्यावीशी वाटतात. पासोडी म्हणजे जाड सुती पांघरूण. जिथं पासोड्यांचा बाजार भरायचा, तिथला विठोबा पासोड्या झाला. शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात पूर्वी भाजीबाजार होता, तिथला मारुती बटाट्या झाला. 1886 साली मंडईची अष्टकोनी इमारत उभी राहिली, बाजार तिकडं गेला, बटाट्याच्या राशीही गेल्या. मारुतीला चिकटलेलं नाव तेवढं राहिलं. हजार नामांचा देव, त्याला संस्कृतातलं एखादं भारदस्त नाव सहज मिळालं असतं. पण पाटी उतरवून जो हात जोडत होता, त्याला देव आपल्या बटाट्याच्या पोत्याशेजारी बसलेला दिसत होता आणि त्यानं दिसलं तसं नाव ठेवलं. ही मला फार मोठी भक्ती वाटते.

संतांबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? जनाबाईचं जातं, गोरोबांचा चिखल, सावता महाराजांचा मळा. एकच सांगते. सावतोबा अरणमधला आपला मळा सोडून कधी पंढरीला गेले नाहीत असं परंपरा सांगते, आणि आजही पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. कामात असलेल्या माणसाकडं देवानं चालत जायचं, हा रिवाज आपल्याकडं अजून पाळला जातो.

आता कृतज्ञतेकडं येते. मी मराठी शिकवते, त्यामुळं शब्द उलगडून पाहायची खोड आहे, ती तुम्ही चालवून घ्या. 'आभार' या शब्दात भार आहे. तो मानला की डोक्यावर राहतो, कधीतरी उतरवावा लागतो. म्हणूनच की काय, आपल्या घरांत कुणी कुणाचे आभार मानत नाही. नातवानं तांब्या आणून दिला की आजी म्हणते, "औक्षवंत हो." पंगतीतून उठताना म्हणतात, "अन्नदाता सुखी भव." देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये देवाला बोलावून घ्यायचं, म्हणजे देणं एकट्याच्या डोक्यावर राहत नाही, ही आपली रीत. आणि 'कृतज्ञ' या शब्दात 'ज्ञ' आहे. केलेलं जाणणारा, तो कृतज्ञ. यात मन भरून येणं, डोळे पाणावणं कुठंच नाही. जाणणं आहे. आपल्यासाठी कुणी काय केलं, हे माहीत असणं. माहीत नसेल तर माणूस कितीही हळवा असो, तो कृतज्ञ होऊ शकत नाही असं मला वाटतं.

पाण्याचंच पाहू. 12 जुलै 1961 या तारखेला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचंही फुटलं, आणि मुठा शहरात शिरली. तुमच्यापैकी अनेकांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. माझी आई तेव्हा अकरा वर्षांची होती, नदीकडच्या पेठेत वाड्यात राहायची. धावत पर्वतीच्या बाजूला गेलेली माणसं, परत आल्यावर घरात साचलेला चिखल, हे सगळं ती सांगते. पण तिच्या सांगण्यात दर वेळी मुक्काम होतो तो नळापाशी. पाण्यानं गाव बुडालं आणि नळाला थेंब नाही. वाड्यातला आड बरीच वर्षं कुणी वापरत नव्हतं, त्यावर पुन्हा रहाट चढला. आणि मग एका सकाळी चौकातल्या नळातून आधी नुसती हवा आली, घरघर आवाज झाला, मग गढूळ पाणी, आणि हळूहळू निवळ धार. माझी आजी स्वयंपाकघरातून करंडा घेऊन आली आणि तिनं नळाला हळदकुंकू लावलं. आई म्हणते, वाड्यातल्या सगळ्या बायका एकामागून एक आल्या, पितळी तोटी दिसेनाशी झाली इतकं कुंकू लागलं.

आईचं वय आता पंचाहत्तर आहे, फ्लॅटमध्ये राहते. सकाळी पहिला नळ सोडायच्या आधी तिची दोन बोटं तोटीला लागतात आणि छातीशी जातात. लहानपणी मला ती नुसती सवय वाटायची. आता वाटतं, तिला माहीत आहे. ती जाणते आहे.

आणि जाणायचंच तर अर्धवट जाणून भागत नाही. आपल्या नळाला येणारं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं. त्या पाण्याखाली गावं गेली, शेतं गेली, तिथलेही गावदेव असणार. आपण तांब्या भरताना कुणाचं तरी अंगण त्यात आहे. देवाचे उपकार मानायचे आणि या माणसांचं नावही काढायचं नाही, हे मला जमत नाही. तुम्हालाही जमू नये असं मला मनापासून वाटतं.

आता जरा घरचं सांगते.

2016 साली माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं आणि गिळणं गेलं. गिळणं जातं, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. आपण घोट घेतो त्या क्षणी श्वास आपोआप थांबतो, श्वासनलिकेवर झाकण येतं, घोट मागच्या वाटेनं खाली उतरतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. सगळं सेकंदाभरात होतं, दिवसातून शेकडो वेळा, आपल्याला न विचारता. अण्णांचं ते थांबलं होतं. नाकातून नळी घातली, पेज आणि दूध त्यातून जायचं. एकोणीस दिवस त्यांच्या जिभेला काही लागलं नाही.

विसाव्या दिवशी स्पीच थेरपिस्ट आल्या. मला वाटलं, पाण्यापासून सुरुवात करतील. त्या म्हणाल्या, पाणीच सगळ्यांत अवघड. पातळ असतं, सांभाळायच्या आत घसरतं, श्वासाच्या वाटेला जातं. आधी घट्ट. म्हणून दही आणलं. वॉर्डातल्या मावशींनी चमचा धरला, थेरपिस्टनं बोटं अण्णांच्या गळ्यावर ठेवली. अर्धा चमचा दही. आम्ही तिघी आणि शेजारच्या खाटेजवळची मंडळी त्या गळ्याकडं बघत होतो. बराच वेळ काही नाही. मग कंठमणी वर गेला आणि खाली आला. थेरपिस्ट म्हणाल्या, "गेलं."

अण्णांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून आणला, दोन्ही तळवे कसेबसे एकमेकांना लावले आणि मावशींना नमस्कार केला. मावशी गोंधळल्या, त्यांच्या हातात चमचा होता. त्यांनी चमच्यासकट हात जोडले.

मी देव पाहिला का, असं मला कुणी विचारलं तर मला तो चमचा आठवतो.

शेजारच्या खाटेवर अण्णांपेक्षा लहान वयाचे गृहस्थ होते. त्यांनाही तसाच झटका आलेला. त्यांची नळी शेवटपर्यंत निघाली नाही, आणि आम्ही घरी जायच्या आधल्या रात्री ते गेले. त्यांच्या पत्नीनं अण्णांच्या दह्याच्या दिवशी आम्हाला साखर दिली होती. म्हणून मी कधीही म्हणणार नाही, की देवानं आमचं ऐकलं. तसं म्हटलं तर तिचं ऐकलं नाही असं होतं, आणि एवढं मोठं मन असलेल्या बाईचं ऐकणार नाही असा देव मला मान्य नाही. का कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. माझ्यापाशी तिच्या हातची साखर आहे. स्वतःचं माणूस जात असताना दुसऱ्याच्या घोटाचा आनंद तिला झाला, तो कुठून आला, हे शोधायला गेले की मला विठ्ठलाशिवाय दुसरं नाव सुचत नाही.

अण्णा घरी आले. पाणी प्यायला त्यांना आणखी महिना लागला, आणि तेही एका अटीवर. घोट तोंडात घेतला की हनुवटी छातीशी न्यायची, मान पूर्ण खाली, आणि मग गिळायचं. म्हणजे पाणी श्वासाच्या वाटेला जात नाही. प्रत्येक घोटाला. एक पेला संपायला दहा-बारा वेळा मान खाली जायची.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. ती समोर बसून हे रोज बघायची. एके दिवशी तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही पाण्याला नमस्कार करता का?"

मी सांगायला निघाले होते, की अगं, डॉक्टरांनी तसं सांगितलंय. अण्णांनी डावा हात वर करून मला थांबवलं. तेव्हा त्यांचे शब्द फार अडखळत यायचे, एकेक अक्षर ओढून आणावं लागायचं. ते म्हणाले, "हो."

तिनं स्वतःचा पेला उचलला, घोट घेतला आणि मान खाली घातली.