सायकलस्वाराचा मृत्यू : शिक्षा आणि भरपाई

श्रोतेहो, नमस्कार.

पहाटे कारखान्याच्या पाळीला निघालेला कामगार किंवा रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी परतणारा पहारेकरी एखाद्या भरधाव मोटारीखाली सापडतो, तेव्हा त्याच्या घरच्यांना कायद्याच्या दोन वाटा मोकळ्या असतात; पण पहिल्या दोन-चार दिवसांत हे सांगणारे त्यांना बहुधा कुणी भेटत नाही. भेटतो तो मध्यस्थ. ‘झालं ते झालं, कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा हे घ्या आणि मिटवून टाका,’ असे म्हणत तो शवागाराच्या दारातच एक आकडा सांगून मोकळा होतो. चालकाला होणारी शिक्षा आणि कुटुंबाला मिळणारी भरपाई ही दोन स्वतंत्र खाती आहेत आणि एकातली रक्कम दुसऱ्यात वळती होत नाही, एवढेच मला आज मांडायचे आहे.

पहिले खाते फौजदारी. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ प्रमाणे हयगयीने कुणाचा मृत्यू घडवणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ही मर्यादा पाच वर्षांवर नेली. गुन्हा मात्र जामीनपात्रच राहिला. धडक देऊन पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे याच कलमाचे दुसरे पोटकलम, जानेवारी २०२४ मधील ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर, बाकीच्या संहितेबरोबर अमलात आणले गेले नाही.

चालक प्यायलेला असेल आणि परिणामांची जाणीव असूनही त्याने गाडी तशी हाकली असेल, तर सदोष मनुष्यवधाचे कलम लागू शकते. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या सात जणांचा मोटारीखाली बळी गेला. त्या प्रकरणात सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षांवर नेली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. एकाच घटनेची किंमत दोन न्यायालयांत सहापट वेगळी ठरावी, यावरून कोणते कलम लागते याला किती महत्त्व आहे ते कळते, आणि ते कलम बव्हंशी पोलीस ठाण्यातच पहिल्या दिवशी लिहिले जाते.

पैसे दिले म्हणून शिक्षा कमी व्हावी का, हा प्रश्न पंजाबातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. मोटारीच्या धडकेने दोघांचा जीव गेला होता. नातेवाइकांना भरपाई दिली गेली, ही बाब जमेस धरून उच्च न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा भोगलेल्या काही दिवसांपुरती उतरवली होती. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सवलत अमान्य केली आणि सहा महिन्यांची कैद ठोठावली. भरपाई ही शिक्षेला पर्याय नव्हे, हे तिथे स्पष्ट झाले.

दुसरे खाते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे. फौजदारी खटला सरकार विरुद्ध चालक असा असतो आणि विधवा पत्नी तिथे फार तर साक्षीदार असते. न्यायाधिकरणात मात्र ती स्वतः अर्जदार असते. समोर चालक, वाहनमालक आणि विमा कंपनी असते. पुराव्याची फूटपट्टीही वेगळी आहे. फौजदारी न्यायालयाला गुन्हा निःसंशय सिद्ध झालेला लागतो, तर इथे अधिक शक्यता कोणत्या बाजूची आहे एवढे पाहिले जाते. त्यामुळे साक्षीदार फितूर होऊन चालक निर्दोष सुटला, तरी दावा आपोआप बुडत नाही.

बचावाचा नेहमीचा मुद्दा असतो की सायकलस्वार अचानक आडवा आला. मेलेला माणूस याला उत्तर देऊ शकत नाही. त्याची सायकल देऊ शकते. मागचे चाक आत वळलेले, मागचा मडगार्ड चेपलेला आणि पुढचे चाक सरळ, अशी सायकल धडक मागून बसली असावी असेच सुचवते. घटनास्थळाच्या पंचनाम्यात हे शब्दशः उतरले पाहिजे. ‘सायकलचे नुकसान झाले’ या तीन शब्दांनी काहीच साधत नाही. सायकल मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा आहे ना, तिचे फोटो निघाले ना, हे नातेवाइकांनी विचारावे, कारण ठाण्याच्या आवारात पडलेली गंजकी सायकल भंगारात जायला वेळ लागत नाही.

नेदरलँड्समध्ये हा भार उलटा ठेवलेला आहे. तिथे मोटारचालकाने सायकलस्वाराला धडक दिली, तर अपघात आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला हे चालकाने सिद्ध करायचे असते. ते जमले नाही, तर सायकलस्वाराची चूक असली तरी त्याला निदान निम्मी भरपाई मिळते, आणि चौदा वर्षांखालील मुलाला बहुतेक वेळा पूर्ण. आपल्याकडे असा नियम असता, तर निम्मे खटले पंचांच्या शब्दांवर अडकले नसते असे मला वाटते.

आता दोन सापळे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कुणाची हे न पाहता मृत्यूसाठी पाच लाख रुपये मिळतात. ही रक्कम लवकर हाती येते खरी, पण ती स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे न्यायाधिकरणात चालकाची चूक दाखवून मागायचा मोठा दावा संपुष्टात येतो, आणि हे कागदावर सही करताना कुणी सांगतेच असे नाही. दुसरा सापळा मुदतीचा. २०१९ च्या दुरुस्तीने दाव्यासाठी सहा महिन्यांची मर्यादा आणली. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला असला, तरी त्या भरवशावर राहू नये. गाडी सापडलीच नाही, तर दोन लाखांच्या वेगळ्या योजनेसाठी तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

मोठ्या दाव्याचा हिशेब उदाहरणाने पाहू. समजा, महिना बारा हजार कमावणारा अडतीस वर्षांचा सुतार गेला आणि मागे पत्नी, दोन मुले आणि आई आहेत. वर्षाचे १,४४,००० रुपये. भविष्यातील वाढीचे चाळीस टक्के धरून २,०१,६००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून १,५१,२००. आणि वयानुसार पंधराचा गुणक लावून २२,६८,०००. यातला गुणक २००९ च्या आणि वाढीचे टक्के २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून येतात. सहजीवन हरपल्याचे आणि अंत्यविधीचे पैसे यात निराळे धरायचे. पण मिळकत सिद्ध झाली नाही आणि न्यायाधिकरणाने ती आठ हजार धरली, तर हाच आकडा १५,१२,००० वर येतो. साडेसात लाखांहून अधिक रुपये केवळ कागद नसल्यामुळे गेले.

मला यात मूळचाच अन्याय दिसतो. सायकल चालवणारा बहुधा तो असतो ज्याची मजुरी रोखीने मिळते आणि जिची पावती कुठे नसते. म्हणून जो रस्त्यावर सर्वांत उघडा, त्याचाच जीव हिशेबात सर्वांत स्वस्त ठरतो. कायदा बदलेपर्यंत, गेलेल्या माणसाने ज्यांच्याकडे काम केले त्यांना कुटुंबाने साक्षीला बोलवावे, बँकेचे पासबुक आणि मजुरीच्या नोंदीची वही जपावी, आणि काहीच नसेल तर त्या व्यवसायासाठी राज्य सरकारने काढलेली किमान वेतनाची अधिसूचना वकिलामार्फत दाखल करावी. न्यायालयांनी अशा अधिसूचनेचा आधार अनेकदा घेतलेला आहे. निकालानंतर मुलांच्या वाट्याची रक्कम सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश सहसा होतो. त्या ठेवीचे व्याज दरमहा आईच्या खात्यात जमा व्हावे, अशी विनंती सुनावणीच्या वेळीच करून ठेवावी.

नमस्कार.