गोयाचा आंधळा गायक

नमस्कार श्रोतेहो. आज एका चित्राविषयी बोलायचं आहे, आणि रेडिओवरून ते दाखवता येत नाही. तेव्हा मी सांगतो तसं डोळ्यांपुढे आणा.

भर रस्त्यात एक आंधळा गिटार वाजवत गातोय. शेजारी त्याचा हात धरून नेणारा पोरगा. भोवती माणसांचं कोंडाळं: बैलगाडीवाला, पाणी वाहणारा एक काळा माणूस, अंगाभोवती झगे लपेटलेले पुरुष. गायकाची मान वर, तोंड उघडं, डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा. हे स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोयाचं १७७८ सालचं एचिंग. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं रेघा ओढायच्या. थर खरवडला गेला तिथं आम्ल तांबं खातं, आणि त्या खाचांतली शाई कागदावर उतरते. गोयाच्या छापचित्रांत आकारानं सगळ्यात मोठं हेच.

मुळात ही रचना राजवाड्यातल्या विणलेल्या भिंतपडद्यासाठी नमुना म्हणून रंगवलेली. विणकर म्हणाले, हे विणणं जमायचं नाही, आणि चित्र दुरुस्तीला परत आलं. गोयानं ते बदललं. पहिली मांडणी मात्र या एचिंगमध्ये राहिली. रंग गेले, काळ्या रेघा उरल्या, आणि सणासुदीचं वाटावं असं दृश्य एकदम गंभीर झालं.

हा चेहरा पाहून लोक हळहळतात: बिचारा आंधळा भिकारी! मला ते पटत नाही. त्या काळी माद्रिदमध्ये आंधळ्यांची रीतसर संघटना होती. गुन्ह्यांच्या, चमत्कारांच्या, ताज्या घडामोडींच्या पद्यकथा ते चौकात गात आणि छापील पानं विकत. म्हणजे हा माणूस धंद्यावर बसलाय. ताणलेली मान दुःखानं नव्हे, आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचवण्यासाठी ताणलीय. रस्त्यावर गाणाऱ्याला विचारा, तो हेच सांगेल.

पुढे १७९२-९३च्या आजारपणात गोया ठार बहिरा झाला. म्हणून काहींना या चित्रात त्याचं भविष्य दिसतं. पण हे एचिंग केलं तेव्हा तो ३२ वर्षांचा होता, कान शाबूत होते, आणि राजाकडची कामं मिळवायच्या खटपटीत होता.

मला जास्त विचारात पाडतो तो गर्दीतला परदेशी गृहस्थ. पैसे काढायच्या बेतात असलेला. भीक घालतोय, की ऐकलेल्या गाण्याचे पैसे चुकते करतोय? गोयानं स्वतः त्याला भीक देणारा म्हटलंय. मी तरी त्या पैशांना बिदागीच म्हणेन.